स्पीच थेरपीच्या पावतीवर नेमकं काय लिहून घ्यायचं? (मेडिक्लेम, निरामय, आजाराचे कोड)

सेतूवाला_दर्यापूर
सेतू केंद्रावर फॉर्म भरायला येणाऱ्या पालकांचा एकच घोळ वारंवार दिसतो, म्हणून धागा काढतोय. मूल अडीच-तीन वर्षांचं, बोलत नाही, अमरावती-अकोल्याला स्पीच थेरपी चालू, आठवड्याला दोन बैठका. हातात महिन्याची एकच पावती आणि तिच्यावर दोन शब्द: "थेरपी चार्जेस". मेडिक्लेमचा दावा परत येतो. कारणाच्या रकान्यात एकदा "निदानाचा कोड नाही" असतं, दुसऱ्यांदा "एक्सल ०५".
कोड लिहायचा कोणी, डॉक्टरने की थेरपिस्टने? कोड पडला की पैसे मिळतात का? आणि निरामय, फुले योजना यांत हे बसतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. "एजंटला विचारा" हे उत्तर नको, तो आधीच विचारून झाला आहे.

वऱ्हाडी_ठेचा
एजंट हप्ता घ्याले येते तवा लय गोड बोलते भाऊ. दाव्याच्या टायमाले त्यालेच स्पीच थेरपी लागते.

दाव्याचा_कागद
वरच्या प्रतिसादाला +१, आता कामाचं.
कोड म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर समजा. तो चुकला तर काम अडतं, पण बरोबर असला म्हणून जमीन तुमची होत नाही. मालकी ठरते पॉलिसीच्या कागदावर.
साधा मेडिक्लेम हा भरती झाल्यावरचा विमा आहे. स्पीच थेरपी बाह्यरुग्ण विभागात होते. पॉलिसीत ओपीडीचं वेगळं कलम किंवा जोड-कव्हर नसेल, तर कोड सोन्याच्या अक्षरांत लिहा, दावा बसणार नाही.
"एक्सल ०५" हा आजाराचा कोड नाही, हे पालकांना नीट सांगा. विमा नियामकाने न भरण्याच्या गोष्टींची प्रमाणित यादी केली आहे, त्यातला तो क्रमांक. ०४ म्हणजे केवळ तपासणीसाठी झालेली भरती, ०५ म्हणजे विश्रांती आणि पुनर्वसन. ०४ मुळे बेराची (कानाच्या नसेची) तपासणी अडकते: मुलाला झोपेचं औषध देऊन दिवसभर ठेवलं तरी ती भरती "फक्त तपासणीसाठी" धरली जाते. ०५ मुळे थेरपी अडकते.

बालवैद्य_पुसद
कोड डॉक्टरने लिहायचा. थेरपिस्टचा अहवाल हा निदानाचा आधार असतो, पण दाव्यात निदान चालतं ते नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचं.
आपल्याकडे आयसीडी-१० (आजारांच्या कोडची जागतिक यादी) वापरात आहे. बोलण्याशी संबंधित नेहमी लागणारे कोड असे: एफ ८०.० म्हणजे उच्चारदोष. एफ ८०.१ म्हणजे समजतं पण बोलता येत नाही. एफ ८०.२ म्हणजे समजण्यातच अडचण. एफ ८०.९ म्हणजे "काहीतरी आहे, अजून ठरलं नाही". स्वमग्नता (ऑटिझम) एफ ८४.०, तोतरेपणा एफ ९८.५, सेरेब्रल पाल्सी जी ८०, दोन्ही कानांचा नसेशी संबंधित बहिरेपणा एच ९०.३, फाटलेली टाळू क्यू ३५, ओठ क्यू ३६, दोन्ही असेल तर क्यू ३७.
गडबड एफ ८०.९ मध्ये होते. पहिल्या भेटीत तो ठीक आहे, पण सहा महिन्यांनंतरही चिठ्ठीवर तोच राहिला तर समोरचा विचारणारच की इतके दिवस उपचार कशाचा केला.
आणि कानाच्या तपासणीशिवाय यातला एकही कोड पक्का करू नये. फक्त ओएई करून "कान चांगले आहेत" म्हणणं अपुरं. ओएई कानाच्या आतल्या पेशींपर्यंतच सांगते, नसेतला दोष तिच्यातून सुटतो. बोलत नसलेल्या मुलाची बेरा करायलाच हवी.

दाव्याचा_कागद
डॉक्टरसाहेब, त्यात एक भर. काही दवाखाने दाव्याच्या फॉर्मवर मुख्य निदानाच्या घरात झेड ५०.५ टाकतात. आयसीडीत त्या कोडचा अर्थच "स्पीच थेरपी" आहे आणि तो ज्या गटात येतो त्या गटाचं नाव "पुनर्वसन उपचार". म्हणजे एक्सल ०५ आपणच ताटात वाढून दिलं. मुख्य निदान मूळ आजाराचं हवं, झेड खाली दुसऱ्या ओळीत.
फॉर्मचे दोन भाग असतात. भाग 'अ' पालकांनी भरायचा, भाग 'ब' दवाखान्याने. आयसीडीची घरं भाग 'ब' मध्ये आहेत. पालकांनी इंटरनेटवरून शोधून तिथे स्वतः कोड लिहू नये. अक्षर वेगळं दिसलं की फाइल चौकशीला जाते.

परदेशस्थ_यवतमाळकर
पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत ९२५०७ चा एक तक्ता फिरतो, त्याबद्दल. तो अमेरिकेतल्या सीपीटी पद्धतीचा कोड आहे. ९२५०७ म्हणजे एका मुलाची थेरपी, ९२५०८ म्हणजे गटातली, ९२५२३ म्हणजे उच्चार आणि भाषा दोन्हींचं मूल्यमापन. तिथे प्रत्येक बिलावर "काय केलं" याचा सीपीटी आणि "कशासाठी केलं" याचा आयसीडी अशी जोडी लागते, जोडी जुळली नाही की दावा परत. ९२५०७ वेळेवर मोजत नाहीत, ३० मिनिटं झाली काय आणि ५० झाली काय, बैठक एकच. तिथे आधी असलेलं कौशल्य परत आणणं आणि मुळात न आलेलं शिकवणं हे दोन वेगळे लाभ धरतात. मुलांची थेरपी बहुधा दुसऱ्यात बसते.
दर्यापूरच्या पावतीवर यातलं काहीही लिहायची गरज नाही.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे आमच्या गटात जो फॉरवर्ड करते त्यालेच पयले विचारा लागते का बा, तुयी पॉलिसी न्यूयॉर्कची का नेरची?

वाचाश्रवण
थेरपिस्टच्या बाजूने. आमच्याच लोकांच्या पावत्या वाईट असतात, हे आधी मान्य.
पावतीवर हे हवंच: थेरपिस्टचं नाव, पदवी, भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक (लोक त्याला आरसीआय नंबर किंवा सीआरआर नंबर म्हणतात), पावती क्रमांक, मुलाचं पूर्ण नाव आधारवर आहे तसंच, आणि प्रत्येक बैठकीची तारीख, मिनिटं, दर. "मार्च महिना, आठ बैठका" असं एकत्र लिहू नका. आठ तारखा लिहा. मूल आलं नाही त्या दिवसाचे पैसे घेतले असतील तर ती ओळ वेगळी ठेवा, ती दाव्यात धरू नका. हजेरीचं रजिस्टर मागवलं गेलं तर तारखा जुळल्या पाहिजेत.
पावतीला तीन कागद जोडा. डॉक्टरची चिठ्ठी: निदान, कोड, "आठवड्याला २ बैठका, ३ महिने" असा स्पष्ट आकडा. नुसतं "स्पीच थेरपी घ्या" लिहिलेली चिठ्ठी कुचकामी. दुसरा, सुरुवातीचा मूल्यमापन अहवाल. तिसरा, दर तीन महिन्यांचा प्रगती अहवाल, आणि त्यात मोजता येईल असं काही: "पूर्वी ५ शब्द, आता ४०; दोन शब्दांची जोडणी सुरू". "चांगली सुधारणा" या दोन शब्दांवर कोणी पैसे देत नाही.
जीएसटी लावू नका. आरोग्यसेवा म्हणून थेरपी करमुक्त आहे. बिलावर कर दिसला तर उलट शंका येते की हा क्लास आहे का.
आणि पालकांनो, आरसीआय क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. फिरत्या शिबिरात आठ दिवसांचा कोर्स करून आलेले "स्पीच एक्स्पर्ट" तालुक्याच्या गावी पुष्कळ झालेत.

शिक्षिका_धारणी
मॅडम, मूल्यमापनावर एक मुद्दा राहिला. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो. डोया, काया, शाया. चाचणीत चित्र दाखवलं, पोरगं "डोया" म्हणालं, की बाहेरून आलेला थेरपिस्ट 'ळ' पुढे फुली मारतो आणि अहवालात उच्चारदोष येतो. घरात आजीपासून सगळे डोयाच म्हणतात, तो दोष नाही.
शब्दांचंही तसंच. कोथिंबिरीचं चित्र दाखवलं आणि मूल "सांबार" म्हणालं तर ते बरोबर आहे. मेळघाटात घरी कोरकू, अंगणवाडीत मराठी. शब्दसंख्या मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायला हवेत. फक्त मराठीचे मोजले तर निम्मी मुलं उशिराने बोलणारी ठरतील.

वाचाश्रवण
शंभर टक्के सहमत. अहवालाच्या पहिल्या ओळीत "घरची बोली: वऱ्हाडी / कोरकू / गोंडी" लिहायचं आणि चाचणी घेताना आईला जवळ बसवायचं. 'ळ' तसाही मुलांना उशिरा येणारा आवाज आहे, तीन वर्षांच्या मुलाच्या नावावर त्याची फुली मारण्यात अर्थ नाही.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे आमाले साऱ्या गावालेच एफ ८०.० लागला असता! तालुकाभर क्लेम!

निरामय_मदत
मूळ प्रश्नातला निरामयचा भाग घेतो.
निरामय ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण. यात भरतीशिवायची थेरपीही धरतात, म्हणून आपल्या कामाची. पण ती चारच गटांना लागू: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुदिव्यांगत्व. १९९९ च्या न्यास कायद्यात हेच चार आहेत. फक्त बोलायला उशीर, फक्त तोतरेपणा, फक्त बहिरेपणा यात बसत नाही.
नोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरण ५० आणि २५०. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, जुना आजार म्हणून नकार नाही.
लोक चुकतात ते इथे. विमा वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. जानेवारीत नोंदणी केली तरी कार्ड मार्चअखेर संपतं. नूतनीकरण विसरलं की मधल्या बैठका गेल्या. दुसरं, एक लाखाच्या आत थेरपीची स्वतःची मर्यादा आहे, पूर्ण लाख थेरपीला वापरता येत नाही. तिसरं, कॅशलेस नाही. आधी खिशातून द्यायचे, मग मूळ पावत्या पाठवायच्या. वर्षभराचा गठ्ठा मार्चमध्ये पाठवू नका, महिन्याच्या महिन्याला पाठवा आणि प्रत्येक पानाची झेरॉक्स घरी ठेवा. चौथं, बँक खात्याची स्पेलिंग. कार्डावर एक, पासबुकावर दुसरं असेल तर मंजूर झालेले पैसेही परत जातात.

नवी_सभासद_वणी
मग डॉक्टरला सांगून चिठ्ठीवर स्वमग्नता लिहून घेतली तर निरामय मिळेल ना? बरेच जण असा सल्ला देतात.

बालवैद्य_पुसद
नाही ताई. चिठ्ठीने काही होत नाही, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते सरकारी रुग्णालयातून, आयसा या मोजपट्टीवर मूल बसल्यावरच मिळतं. ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र.
खोटं निदान पुढे मुलाच्याच अंगावर येतं. नवीन मेडिक्लेम घेताना ते आधीपासूनचा आजार म्हणून जाहीर करावं लागतं, जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा मागे लागू शकते. आणि शाळेच्या फाइलीतून ते पुसलं जात नाही.

निळी_छत्री
पण मग "वाणी व भाषा दिव्यांगत्व" असा प्रकार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे ना? २१ प्रकारांत तो मोजलाय. त्यावर प्रमाणपत्र का देत नाहीत?

निरामय_मदत
आहे, पण व्याख्या वाचा. स्वरयंत्र काढणं, मेंदूच्या इजेमुळे वाचा जाणं अशा शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेलं कायमचं दिव्यांगत्व, अशी ती आहे. तीन वर्षांच्या उशिरा बोलणाऱ्या मुलात "कायमचं" सिद्ध होत नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर परत पाठवतात. तिथल्या बाबूवर चिडून उपयोग नाही.
बहिरेपणाचं वेगळं. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल म्हणजे कमी ऐकू येणं, ७० किंवा जास्त म्हणजे कर्णबधिर. त्याचं प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळतं. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं देतात, कार्डावरची "वैध पर्यंत" तारीख बघा. ती उलटली की एसटीची ७५ टक्के सवलतही कंडक्टर नाकारतो.

शिक्षिका_धारणी
आणि ज्यांचं कशातच बसत नाही त्यांनी थेट डीईआयसी (जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र) गाठावं. सगळे विम्याच्या मागे आहेत आणि फुकटचा रस्ता कोणी सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. त्यांच्या तपासणीच्या यादीत भाषाविकासातला उशीर आहे, ऐकू न येणंही आहे. पथकाकडून संदर्भ चिठ्ठी घ्यायची आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. ० ते १८ वयापर्यंत पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्रही लागत नाही.
पथक येतं त्या दिवशी मूल आईबरोबर कापूस वेचायला शेतात असतं, ही खरी अडचण. अंगणवाडी सेविकेकडून तारीख आधी विचारून ठेवा.

सेतूवाला_दर्यापूर
डीईआयसीमध्ये स्पीच थेरपिस्टची जागा भरलेली असते का पण?

शिक्षिका_धारणी
दादा, आधी फोन करून विचारायचं, मगच एसटीत बसायचं. जागा रिकामी असेल तर तेच केंद्र वैद्यकीय महाविद्यालयाला संदर्भ देतं. नागपूरला दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सीआरसीही आहे, तिथे वाचा-श्रवण विभाग आहे. लांबच्यांनी थेरपिस्टकडून घरचा कार्यक्रम लिहून घ्यावा, महिन्यातून एकदा दाखवायला जावं. रोजची २० मिनिटं घरीच होतात.

पावतीपुस्तक
नोकरदारांसाठी दोन ओळी. मुलाचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०डीडी कलमाखाली ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांपासून १,२५,०००. खर्च किती झाला याला महत्त्व नाही, रक्कम ठरलेली आहे. फक्त जुन्या करपद्धतीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असेल तर फॉर्म १०-आयए लागतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमाले टॅक्सच नाई बसत अन् पीकविम्यासारखं ७२ तासात कळवा म्हणत असन तर मेडिक्लेमही नाई बसत. पोरगं बोललं नाई हे कोणत्या तासाले कळवाव?

दाव्याचा_कागद
ठेचा, हसण्यावारी नेऊ नका, कळवण्याची मुदत मेडिक्लेमलाही असते. भरती होणार असेल तर आधी, अचानक झाली तर २४ तासांत, असं बहुतेक पॉलिसींत लिहिलेलं असतं.
त्यावरून आठवलं. साध्या मेडिक्लेममध्ये स्पीच थेरपी बसवण्याचा एक सरळ मार्ग आहे आणि तो वाया जातो. पॉलिसीत "भरतीनंतरचा खर्च" हे कलम असतं, बहुधा ६० दिवस, काहींत ९०. मूल मेंदूज्वर, डोक्याला मार, टाळूची शस्त्रक्रिया अशा कारणाने भरती झालं आणि तो दावा मंजूर झाला, तर त्याच आजारासाठी पुढे घेतलेल्या थेरपीची बिलं या कलमाखाली लावता येतात. अट एवढीच की डिस्चार्ज कार्डावर "स्पीच थेरपीचा सल्ला" ही ओळ हवी. सुट्टी मिळायच्या आधी ती लिहून घ्या. नंतर वेगळ्या चिठ्ठीवर आणली तर "मूळ उपचाराशी संबंध नाही" म्हणून फेटाळायला वाव राहतो.
फाटलेल्या ओठ-टाळूत मात्र सावध. अनेक पॉलिसी बाहेरून दिसणारा जन्मजात दोष वगळतात. ओठ बाहेरचा, त्यात वाद नाही. टाळू तोंडाच्या आत आहे, तिथे भांडता येतं. डॉक्टरने क्यू ३५ आणि क्यू ३६ वेगवेगळे लिहिले तर भांडायला जागा राहते, एकच क्यू ३७ लिहिला तर नाही.

बालवैद्य_पुसद
थांबा. दोन्ही असतील तर क्यू ३७ हाच बरोबर कोड. विमा मिळावा म्हणून तो फोडून लिहायचा सल्ला मी देणार नाही.

दाव्याचा_कागद
मान्य, माझं वाक्य चुकलं. दोन्ही असताना फोडू नये. फक्त टाळूचा दोष असताना सवयीने क्यू ३७ लिहिला जातो, तो लिहू नये, असं म्हणायचं होतं.

वाचाश्रवण
कॉक्लियर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने कानात ऐकण्याचं यंत्र बसवलेली) मुलं यात राहिली. केंद्राच्या एडिप योजनेत जन्मजात बहिऱ्या मुलाला साधारण ५ वर्षांच्या आत शस्त्रक्रिया मिळते, मुंबईची अली यावर जंग संस्था त्याची समन्वयक आहे. शस्त्रक्रियेनंतरची थेरपी त्यातच धरलेली असते, तिची वेगळी पावती करून दुसरीकडे दावा लावू नका. वय निघून जाणं हेच इथलं सगळ्यात मोठं नुकसान, म्हणून वर डॉक्टरांनी बेराचं लिहिलंय ते परत वाचा.
फुले योजनेचं उत्तर कोणी दिलं नाही. ती ठरलेल्या पॅकेजवर, भरती करून होणाऱ्या उपचारांची योजना आहे. आठवड्याच्या बैठका त्यात बसत नाहीत.

सेतूवाला_दर्यापूर
बरंच सुटलं. आता शेवटचा आणि खरा प्रश्न. एका कंपनीच्या गट-विम्यात ओपीडीचं कलम आहे, म्हणजे दावा बसतो. पण गेल्या चार महिन्यांच्या पावत्या "थेरपी चार्जेस" अशाच आहेत. नवीन करून घ्यायच्या का?

दाव्याचा_कागद
जुन्या तारखेची नवी पावती अजिबात नको. पावती क्रमांकांची साखळी तुटते आणि थेट फसवणुकीचा शिक्का बसतो. मूळ पावत्या तशाच लावा. सोबत थेरपिस्टकडून लेटरहेडवर आजच्या तारखेचं पत्र घ्या: "पावती क्रमांक अमुक मध्ये पुढील तारखांच्या बैठका समाविष्ट आहेत", खाली तारखा, मिनिटं, दर, आरसीआय क्रमांक, सही-शिक्का. रकमेची बेरीज पावतीशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. डॉक्टरकडूनही आजच्याच तारखेचं निदानपत्र, त्यात "उपचार अमुक महिन्यापासून सुरू" असा उल्लेख.
तरी नकार आला तर पॉलिसीतलं नेमकं कलम लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. विदर्भाला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

सेतूवाला_दर्यापूर
पत्राचा नमुना मराठीत टाइप करून केंद्रावर लावतो. मॅडम, "बैठक" लिहायचं की "सेशन"?

वाचाश्रवण
पावतीवर जो शब्द आहे तोच. तिथे "सेशन" असेल तर पत्रातही सेशन.

वऱ्हाडी_ठेचा
अन् पोराचं नाव आधारवर चुकलं असन तर?

सेतूवाला_दर्यापूर
तर पयले माह्या खिडकीवर या भाऊ. जन्मदाखला घेऊन.